तो हिरवा ठिपका माझा होता

हरेश्वर,

गेल्या महिन्यात तुझ्या शोकसभेत मी फार छान बोललो. हे मी म्हणत नाही, लोक म्हणाले. काल्हेरच्या समाजमंदिराच्या पायऱ्या उतरताना तिघांनी माझा हात हातात घेतला आणि सांगितलं, मास्तर, आज तुम्ही पोरगा डोळ्यांसमोर उभा केलात. चौथ्याने तर पुढच्या महिन्यात त्याच्या सासऱ्यांचं वर्षश्राद्ध आहे, तेव्हा येऊन चार शब्द बोलाल का, असं विचारलं. तुझ्या फोटोवरचा हार अजून ताजा होता आणि मी त्याला तारीख विचारत होतो.

वीस मिनिटं बोललो. दोनदा हसवलं, एकदा रडवलं, आणि शेवटी आवाज जिथे कापायला हवा तिथे बरोबर कापला. पहिल्या रांगेत तुझे वडील बसले होते. हाशाकाका. दोन्ही तळवे गुडघ्यांवर पालथे, खांद्यावर पंचा. सभा हसली तेव्हा ते हसले नाहीत आणि रडली तेव्हा रडले नाहीत. नुसते माझ्याकडे बघत होते. खरं तर मी उठलो होतो तो त्यांच्यासाठीच. एकच गोष्ट सांगायची होती, त्यांच्या कानावर जावी म्हणून. पण माईक हातात आला की माझं काय होतं ते तुला ठाऊक आहे. ती एक सोडून बाकी सगळं बोललो.

म्हणून आता लिहायला बसलोय. लिहिताना दाद द्यायला समोर कोणी नसतं. माझ्यासारख्याने खरं बोलायचं तर असंच.

तू माझ्याकडे पहिल्यांदा आलास तो टायपिंग शिकायला. मंडईजवळच्या जिन्यावर माझी इन्स्टिट्यूट, बारा मशिनं, आणि बाहेर दिवसभर लूमचा खडखडाट. भिवंडीत टायपिंग शिकवणं म्हणजे वादळात शिट्टी वाजवणं होतं. बाकीची मुलं कागदाकडे बघून टाइप करायची, तसंच मी शिकवायचो. तू मशीनच्या पोटात बघायचास. तिसऱ्या दिवशी तू मला विचारलंस की शिफ्ट दाबल्यावर कागदाची अख्खी गाडी वर उचलली जाते ती कशाने. मी अठरा वर्षं शिफ्ट दाबत आलो होतो आणि मला माहीत नव्हतं. मी तुला म्हणालो, अरे, विद्या अशी उलटी करून बघायची नसते. तू हो म्हणालास, आणि चौथ्या दिवशी माझ्या टेबलापाशी येऊन ती गाडी कशाने उचलली जाते ते मला हळूच सांगून गेलास.

पुढे कॉम्प्युटर आले. मशिनांवर कायमच्या खोळी चढल्या आणि पाटीवर मी 'टायपिंग'च्या जागी 'कॉम्प्युटर' रंगवून घेतलं. पाटी बदलणं सोपं होतं, आत शिकवणार कोण? तू. मुंबईची नोकरी शोधायचं सोडून तू माझ्याकडे शिकवायला आलास, आणि मुलं गेली की मागच्या बाकावर मला बसवून मलाही शिकवायचास. चाळिशी उलटलेला मास्तर आपल्याच विद्यार्थ्यापुढे वही उघडून बसला तर त्या विद्यार्थ्याने कसं वागावं, हे कुठल्या शाळेत शिकवत नाहीत. तू ते कुठून तरी शिकून आला होतास. मी शेवटपर्यंत 'मास्तर' राहिलो आणि 'तुम्ही' राहिलो. "मास्तर, तुम्ही परत ओळीच्या शेवटचं सेमिकोलन खाल्लात," एवढंच म्हणायचास, आणि तेही मुलांच्या देखत कधी नाही.

त्या वर्षांत काल्हेरपासून पूर्ण्यापर्यंत भाताच्या खाचरांत पत्र्याची गोदामं उठत होती. हाशाकाकांनीही खाडीच्या बाजूचं शेत मुंबईच्या एका कापडवाल्या शेठला भाड्याने दिलं. त्यावर गोदाम उभं राहिलं आणि काकाच त्याचे राखणदार झाले. स्वतःच्या जमिनीवर नोकरीला लागलेला तो मी पाहिलेला पहिला माणूस, पण ऐट मालकाचीच. रोज सकाळी गोदाम उघडलं की काका सगळ्यांत खालच्या कापडाच्या गाठींखाली हात घालायचे, तळवा जमिनीला टेकवून क्षणभर डोळे मिटायचे, आणि मग शेठला फोन करायचे: "माल सुका हाय." शेठ मुंबईत बसून त्या तीन शब्दांवर निर्धास्त असायचा.

तुला कल्पना सुचली ती तिथेच. प्रत्येक गोदामाचं इंटरनेटवर एक पान असावं, मालकाने ते कुठूनही उघडावं आणि आपला माल बघावा. प्रोग्राम तू लिहायचा, गोदामवाल्यांना पटवायचं मी. नाव मी 'महागोदाम' सुचवलं होतं. तू 'साठा' ठेवलंस. आपलं भांडण तिथूनच सुरू झालं म्हणायला हरकत नाही. मला सगळं मोठं लागायचं, तुला पुरेसं.

तू प्रोग्राम लिहायचास त्या पीएचपी भाषेची पाचवी आवृत्ती तेव्हा नवी होती. तिच्यातलं इंटरफेस नावाचं प्रकरण वाचून तू चार दिवस हरवल्यासारखा हिंडलास आणि पाचव्या दिवशी मला समजवायला बसलास.

"मास्तर, इंटरफेस म्हणजे नुसती कामांची नावं. आत काही नाही."

मी विचारलं, आत काही नाही तर त्याचा उपयोग काय.

"तुमच्या भाषणांचा होतोच की."

वाक्य चांगलं होतं म्हणून मी अपमान गिळला. मग तू पिशवीतून काकांच्या भाडेकराराची झेरॉक्स काढलीस. म्हणालास, ह्या कागदात गोदाम आहे का? पत्रा नाही, भिंत नाही, नुसत्या अटी. जो खाली सही करेल त्याने त्या पाळायच्या. कशा पाळायच्या ते त्याचं तो बघेल. आता समजा शेठने अर्धं गोदाम दुसऱ्या कुणाला पोटभाड्याने दिलं. त्या पोटभाडेकरूच्या कागदात मूळ करारातल्या सगळ्या अटी आपोआप आल्या, वर त्याच्या स्वतःच्या दोन. एका इंटरफेसने दुसऱ्याचा वारसा घेतला म्हणजे एवढंच झालं. "बाकीच्या वारशात जमीन मिळते, घर मिळतं," तू म्हणालास, "ह्यात फक्त पाळायची वचनं मिळतात. आयतं काहीच नाही."

हे वाक्य मी त्याच आठवड्यात वर्गात माझं म्हणून वापरलं. तू मागे उभा होतास. काही बोलला नाहीस. तेव्हाच बोलायला हवं होतंस, हरेश्वर. माझी सवय तिथेच मोडली असती.

तुझी रचना साधी होती. सगळ्यांत वर 'साठा'. त्याची वचनं तीन: आलेला माल नोंदवीन, गेलेला माल नोंदवीन, विचारलं की मोजून सांगीन. त्याच्याखाली 'नाजूक साठा'. त्याला वरची तीन वारशाने मिळालेली आणि चौथं त्याचं स्वतःचं: ओल तपासीन. औषधांचं गोदाम नाजूक साठ्यावर सही करणार, कारण त्यांच्या भिंतीवर ओल मोजायचं मीटर होतं आणि तिथला माणूस रोज त्याचा आकडा भरायचा. कापडाचं गोदाम फक्त साध्या साठ्यावर. पानावर प्रत्येक वचनाला एक ठिपका. वचन पाळलं की हिरवा, मोडलं की लाल. औषधांना चार ठिपके, कापडाला तीन.

मला ते तीन ठिपके खुपायचे. मी म्हणायचो, पंगतीत एकाला चार वाट्या आणि दुसऱ्याला तीन ठेवतात का? चारही वचनं वरच घालून टाक. सगळ्यांना वारशाने मिळतील, सगळ्यांची पानं सारखी दिसतील. तू मान हलवायचास. कापडाची ओल बाबा हाताने बघतात, तू म्हणायचास. ती मशीनला कळत नाही, तर मशीनने त्या बाबतीत गप्प बसावं. हा वाद आपण सहा महिने घातला. नाक्यावरच्या हॉटेलवाल्यालाही तो पाठ झाला होता, आणि तो तुझ्या बाजूने होता. एकदा तू वैतागून बोललास ते मला आता शब्दन्‌शब्द आठवतं.

"मास्तर, ज्याला जे काम करताच येत नाही, त्याचं वचन त्याच्याकडून घेऊ नका. घेतलंत तर तो खोटं बोलेल. आणि दोष त्याचा नसेल."

मी म्हणालो, तू फार गंभीर होत चाललायस, लग्न कर.

चैत्रात गावदेवीची जत्रा आली. पालखीला पहिला खांदा तुमच्या घराचा, म्हणून तू दोन दिवस सुटीवर. नेमका त्याच दिवशी पूर्ण्याच्या एका मोठ्या गोदामवाल्याचा निरोप आला की दुपारी तीनला येतो, काय ते दाखवा. मी आपली पानं उघडून बसलो. कापडाला तीन ठिपके, भांड्यांना तीन, फरशीला तीन. काय ही दरिद्री रांगोळी, मला वाटलं. आणि भर दुपारी एक वाजता मी 'ओल तपासीन' ही ओळ नाजूक साठ्यातून उचलली आणि वरच्या साठ्यात नेऊन ठेवली.

सगळं बंद पडलं. पांढरा पडदा आणि त्यावर इंग्रजीत एक तक्रार. तिचा मराठीत अर्थ असा की कापडाने ओल तपासायचं कबूल केलंय आणि केलेलं काहीच नाही. तुझी यंत्रणा बरोबरच सांगत होती. ह्यांनी सही केली आहे, आता ह्यांना विचारा, पाळणार कसं. मी कुणाला विचारलं नाही. कापडाच्या क्लासमध्ये, म्हणजे प्रोग्राममधल्या कापडाच्या भागात, ओल तपासायचं एक फंक्शन टाकलं आणि त्याच्या पोटात एकच ओळ लिहिली: रिटर्न ट्रू. म्हणजे कोणी विचारलं, ओल ठीक आहे का, तर जागचं हलायचं नाही, बघायचं नाही, हो म्हणून मोकळं व्हायचं. मग भांड्यांची तक्रार आली. तिथेही तीच ओळ. मग फरशी, मग सूत, मग पुठ्ठा. सेमिकोलनं सगळी जागच्या जागी. पडदा पुन्हा उजळला आणि सगळ्या पानांवर चार-चार हिरवे ठिपके लुकलुकायला लागले.

तीन वाजताचा माझा प्रयोग तू बघायला हवा होतास. पूर्ण्याचा माणूस खुर्चीतून अर्धा उठून पडद्यापाशी आला आणि वा म्हणाला.

तू परत आलास तो खांद्यावर पालखीचा वळ आणि कानामागे राहिलेला गुलाल घेऊन. पान उघडलंस आणि विचारलंस, कापडाला चौथा ठिपका कुठून आला. मी म्हणालो, मी केला. तू विचारलंस, ओल कशी कळते? त्या क्षणी मी खरं सांगितलं असतं तर तू दहा मिनिटं रागावला असतास आणि अर्ध्या तासात सगळं नीट केलं असतंस. पण मला तेव्हाच एक सुंदर उत्तर सुचलं. मी म्हणालो, खाडीच्या भरती-ओहोटीचं कोष्टक घातलंय आत. भरती मोठी असली की जमीन ओल धरते, त्याचा अंदाज काढतो.

तुझा चेहरा मला अजून दिसतो. "भरतीचं कोष्टक? मास्तर, खाडीवर जन्मून हे माझ्या डोक्यात नाही आलं." तुझा हात फाइल उघडायला माउसवर गेला होता. मी हसत म्हणालो, आता मास्तरचा पेपर तपासणार का? तू लाजून हात मागे घेतलास. जत्रेतला खाजा पुढे केलास आणि म्हणालास, म्हणजे तुम्ही आता प्रोग्रामर झालात. मी खाजा खाल्ला. वर मोठ्या मनाने सांगितलं की माझं नाव कुठे घेऊ नकोस, प्रोग्राम तुझा आहे.

त्या वर्षी हाशाकाकांचे गुडघे दुखायला लागले होते. मागच्या रांगेपर्यंत वाकत जाणं त्यांना जड जायचं. तू त्यांना गोदामातल्या कॉम्प्युटरपुढे बसवलंस आणि दाखवलंस, बाबा, आता ओलही इथे दिसते, तुम्ही मागे जाऊ नका. काकांना ठिपक्यातलं काही कळत नव्हतं, पोरातलं कळत होतं. ते रोज पडदा बघायचे आणि शेठला सांगायचे, "समदा हिरवा हाय." माझी एक रिकामी ओळ तुझ्याकडे आली, तुझ्याकडून काकांकडे, काकांकडून शेठकडे. प्रत्येकाने तिच्यावर आपला शब्द चढवला. आत काय आहे ते कुणी बघितलं नाही, कारण प्रत्येकाचा आपल्या आधीच्या माणसावर विश्वास होता.

श्रावणातल्या एका उधाणाला खाडीचं पाणी गोदामाच्या मागच्या भिंतीखालून झिरपलं. भिंत कोरडी दिसत होती. जमीन खालून पीत होती. तीन आठवड्यांनी माल हलवायला काढला तेव्हा मागच्या रांगांतलं कोरं कापड काळ्या बुरशीने भरलं होतं. आपल्याला बोलावणं आलं. मी आणि तू पोचलो तेव्हा शेठ एक गाठ उघडून उभा होता आणि कोपऱ्यातल्या पडद्यावर चारही ठिपके हिरवे होते.

शेठ ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. काकांकडे बघून एवढंच म्हणाला, "हाशाभाई, आप तो रोज बोलते थे, सब हरा है." आणि बाहेर जाऊन गाडीत बसला. काकांना त्या पंचक्रोशीत कधी कुणी खोटं बोललास असं म्हटलं नव्हतं. ते शेठच्या मागे गेले नाहीत. त्यांनी तुझ्याकडे बघितलं.

तू कॉम्प्युटरपाशी बसलास आणि कापडाची फाइल उघडलीस. मी तुझ्या खुर्चीमागे उभा होतो. भरतीचं कोष्टक तिथे नव्हतं. एकच ओळ होती. एक ओळ वाचायला जेवढा वेळ लागतो त्याच्या कितीतरी पट तू ती वाचत बसलास. मला फक्त तुझी मान दिसत होती. मग तू उठलास, माझ्याकडे न बघता काकांसमोर गेलास आणि म्हणालास, "बाबा, चूक माझी हाय. प्रोग्राम माझा हाय."

मी बोललो नाही. ज्या तोंडाला लग्नात, बारशात, सभेत आवर घाला म्हणून चिठ्ठ्या येतात, ते तोंड त्या दिवशी बंद राहिलं.

"तुजा मशीन तुज्यापाशी ठेव," काका म्हणाले, आणि गुडघे धरत मागच्या रांगेकडे गेले.

परतताना आपली रिक्षा पूर्ण्याला ट्रकांच्या रांगेत अडकली. तू बाहेर ट्रकांकडे बघत होतास. मग विचारलंस, "मास्तर, काही सांगायचंय का?" तू मला पायऱ्या बांधून दिल्या होत्यास, मी फक्त उतरायचं होतं. मी पुढच्या ट्रकच्या मागे रंगवलेला शेर मोठ्याने वाचून दाखवला, नाटकी आवाजात. रिक्षावाला हसला. तूही हसलास. पुढे कधी विचारलं नाहीस.

दुसऱ्या दिवशी नेहमीसारखा दहाला आलास. तीन दिवस बसून तू सगळे इंटरफेस सोडवलेस आणि छोटे-छोटे केलेस. ओलीचं वचन वेगळं, वजनाचं वेगळं. ज्याला जेवढं पाळता येईल तेवढ्यावरच त्याची सही. मी लिहिलेल्या पाचही ओळी काढून टाकल्यास. त्या कुणाच्या, हे एकदाही म्हणाला नाहीस. तू मला सोडून गेला असतास तर मला सोपं गेलं असतं. तू मला पहिल्यासारखंच मास्तर म्हणत राहिलास.

इथपर्यंत जे केलं ते घाबरून केलं म्हणता येईल. ह्यापुढचं नाही. त्या दिवाळीच्या सुमारास नाक्यावर चहा पिताना कुणीतरी विचारलं, त्या कापडाच्या गोदामाचं काय झालं हो? आणि मी ती गोष्ट सांगितली. हिरव्या ठिपक्याची गोष्ट. एक लय हुशार पोरगा, त्याचा लय हुशार प्रोग्राम, आणि त्या प्रोग्रामची सवय नव्या जावयासारखी: सासरी काहीही विचारा, मान डोलावून हो. मागे बुरशी चढतेय, पुढे जावई हिरवागार. लोक हसून हसून चहा सांडायला लागले. मग मला त्या गोष्टीची चटक लागली. मी ती कशेळीला सांगितली, पूर्ण्याला सांगितली, वर्गात मुलांना सांगितली. प्रत्येक वेळी थोडी वाढवली. जावयाला मिशी दिली, सासू आणली. त्यात मी स्वतः कुठेच नव्हतो. एकदा मी ऐन भरात असताना तू मागून आलास. मला थांबता आलं नाही. तूही सगळ्यांबरोबर हसलास, फक्त सगळ्यांच्या थोडं आधी थांबलास.

ती फिरत फिरत हाशाकाकांच्याही कानावर गेली असणार. मालकच राखणदार आणि त्याचा हुशार पोरगा, काल्हेरात कुणाची गोष्ट आहे हे कळायला किती वेळ लागतो? दोन पावसाळे त्या घरात तुमच्या दोघांत 'जेवलास का' आणि 'फोन आलाय' ह्यापलीकडे बोलणं नव्हतं. तू हे मला कधी सांगितलं नाहीस. तुझ्या घरी येऊन-जाऊन मला दिसत होतं. मी ठरवायचो, गणपती झाले की काकांना सांगू. मग दिवाळी झाली की. तुझं वयच काय होतं, मला वाटायचं पुष्कळ वेळ आहे. मग तुला ताप आला, चार दिवस राहिला, आणि तू गेलास.

शोकसभेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी तुझ्या घरी गेलो. काका ओटीवर एकटे होते. मी खुर्ची घेतली नाही, खाली बसलो, आणि सांगितलं. इंटरफेस, क्लास ह्यातलं काही न आणता सांगायचा प्रयत्न केला. काकांनी मध्येच थांबवून विचारलं.

"म्हंजे त्या ठिपक्याला कुनी बगायला सांगितलाच नव्हता?"

"नाही."

"निसता हो बोल."

"हो. तसं मीच लिहिलं होतं. हरेश्वरला मी वेगळंच सांगितलं."

काका अंगणात बघत राहिले. "मंग पोऱ्या का बोल्ला, माजी चूक?"

ह्याचं उत्तर मी दोन वर्षं शोधतोय. मी म्हणालो, मी त्याचा मास्तर होतो, काका. मी तिथे उभा होतो आणि मीच बोलावं म्हणून तो थांबला होता. मी बोललो नाही, तेव्हा त्याने मला लोकांसमोर उघडं पाडलं नाही.

 काकांचे तळवे गुडघ्यांवरून हलले नाहीत. "दोन पावसालं मी त्याच्याशी धड बोल्लो न्हाय, मास्तर," ते म्हणाले. "मना वाटला, पोऱ्यानी बापाला खोटा पाडला. मरताना बी त्याच्या मनात त्याच असंल."

मी त्यांच्या पायाला हात लावायला पुढे झालो. त्यांनी पाय मागे घेतले.

"मना सांगून मोकला नको होव. ज्यांना हसवलास ना, त्यांना सांग. जिथं जिथं हसवलास तिथं जाऊन सांग."

तर हरेश्वर, सध्या माझं ते काम चालू आहे. आधी नाक्यावरच्या हॉटेलात गेलो. मंडळी तीच होती. मी म्हणालो, हिरव्या ठिपक्याची गोष्ट सांगतो, आणि चार जणांनी हसायची तयारी म्हणून कप खाली ठेवले. मी सांगितलं, ती ओळ हरेश्वरची नव्हती, मी लिहिली होती, तो घरी नसताना, आणि तो विचारत असताना त्याच्याशी खोटं बोललो. एकाला ते नवीन वळण वाटलं, तो हसलाही. मग पुढचं वाक्य येईल म्हणून सगळे थांबले. पुढे वाक्य नव्हतं. हॉटेलवाला फडकं हातात धरून उभाच राहिला. कोणीतरी विचारलं, मग? मी म्हणालो, मग काही नाही, एवढंच आहे.

मग काकांच्या ओटीवरून शेठला फोन केला. तो ऐकून घेऊन म्हणाला, "अब क्या फायदा, मास्टरजी." मी म्हणालो, फायदा नाही, फक्त हाशाभाई खोटं बोलत नव्हते आणि त्यांचा मुलगाही नाही. तो म्हणाला, काकांना फोन द्या. काका शेजारीच होते. काय बोलणं झालं ते मी ऐकलं नाही, अंगणात जाऊन उभा राहिलो.

काका माझ्याबरोबर येतात, हे तुला सांगायचं राहिलं. मी नको म्हणालो. कशेळीच्या त्या धुरात, रिक्षात हादरत, गुडघे असे, कशाला दगदग. तर म्हणाले, "तू परत मीठ-मसाला लावशील. मी ऐकाला येतो." आणि ते येतात. मी बोलायला लागलो की कोपऱ्यातल्या बाकावर बसतात आणि एकेक शब्द ऐकतात. परवा पूर्ण्याला माझ्या तोंडून चुकून तो जावयाचा विनोद निसटला, तर त्यांनी तिथून नुसती काठी आपटली.

हे लिहिलेलंही काल संध्याकाळी मी त्यांना ओटीवर बसून पूर्ण वाचून दाखवलं. तुझ्याबद्दलचं त्यांनी दोनदा वाचायला लावलं. मग दोन वाक्यं काढायला सांगितली, ती मी काढली आहेत. दोन्ही माझ्याबद्दलची होती, आणि दोन्ही चांगली होती.